तुळजाबाईंचा हल्या आणि ग्रामसभेचं कुलूप

सिरसाळ्याकडून आमच्या गावात शिरताना डाव्या हाताला पहिला गोठा लागतो तो तुळजाबाईंचा. गोठ्यात एक हल्या आहे. शहरातल्या वाचकांसाठी सांगतो, हल्या म्हणजे रेडा. पण हा रेडा ओझी वाहायला नाही, संसाराला आहे. आसपासच्या कुठल्याही गावात म्हैस माजावर आली की मालक तिला दावं धरून इथं आणतो. आमच्याकडे जन्मणाऱ्या बहुतेक रेडकांचा बाप हाच, आणि त्याला त्याचा काडीचाही गर्व नाही. हे सगळं दुसऱ्याच कुणी केल्यासारखा तो सरकी चघळत उभा असतो.

धंदा मुळात तुळजाबाईंच्या नवऱ्याचा. तो होता तेव्हा म्हैस आली की बायकापोरांना आत पिटाळायचं आणि गोठ्याच्या तोंडाशी ताडपत्री सोडायची, असा रिवाज होता. तो गेला तेव्हा मुलगी रोहिणी शाळेत नुकती रुळत होती. भावकीने सल्ला दिला, हल्या विकून टाका, बाईमाणसाला हे शोभत नाही. तुळजाबाईंनी ताडपत्री काढली, कडब्याच्या गंजीवर टाकली आणि हल्याचा कासरा हातात घेतला. मी आत बसले तर बाहेर धरणार कोण, एवढंच त्यांनी विचारलं. सल्ला देणाऱ्यांपैकी धरायला कुणी आलं नाही.

त्यांच्या गोठ्याचा नियम एकच. म्हैस आपणहून उभी राहिली पाहिजे. ती अंग काढून घ्यायला लागली, लाथा झाडायला लागली, की तुळजाबाई हल्याला खुंट्याला बांधणार आणि मालकाला सांगणार, तिच्या मनात न्हाई, घरी न्या. मालक गयावया करतो, लांबून आलोय म्हणतो, दोघं मिळून धरून ठेवू म्हणतो. एकाने तर म्हैस खास टेम्पो करून आणली होती. बाईंनी त्याला चहा पाजला, टेम्पोवाल्याला पाजला, आणि टेम्पो म्हशीसकट परत पाठवला.

रोहिणी हे बघतच मोठी झाली. जे प्रश्न पडले ते तिने विचारले, आणि जी उत्तरं मिळाली ती शेण भरता भरता मिळाली. त्यामुळे लाजायला कुणालाच सवड झाली नाही. आता ती अंबाजोगाईला अकरावी सायन्सला आहे.

तर गोष्ट यंदाच्या ग्रामसभेची. मोबाइलवरचं घाणेरडं बघायला सरकार आता वयाचा दाखला मागणार म्हणे, अशी एक बातमी मोहनरावांच्या व्हॉट्सअॅपवर आली. मोहनराव आबा आमचे माजी सरपंच. सध्याच्या सरपंच त्यांच्या सूनबाई, त्यामुळे माजी वगैरे म्हणायला. आबांना सरकारच्या एक पाऊल पुढे राहायची हौस. त्यांनी ठराव आणला. अठरा वर्षांखालच्या प्रत्येक पोराच्या मोबाइलवर कुलूप बसवायचं, किल्ली पंचायतीकडे ठेवायची, आणि आईबापांनी आधार कार्ड जोडून सही करायची की इथून पुढे जबाबदारी पंचायतीची.

लोक खूश झाले. पोरांची जबाबदारी एका सहीने जात असेल तर नाही कोण म्हणतो? वयाची खात्री आधारवरून करणार म्हटल्यावर मागे जरा खसखस पिकली, कारण आधारवर आबा आणि त्यांच्या धाकट्या भावात चारच महिन्यांचं अंतर आहे. शिवाय असलं कुलूप बसवता येणारा गावात एकच, पंचायतीच्या कॉम्प्युटरवर बसणारा पोरगा, आणि तो स्वतः सतराचा. पण चांगल्या कामात खोडा कोण घालणार? हात वर झाले.

तुळजाबाईंचा हात मांडीवरच राहिला. आबांनी विचारलं तर म्हणाल्या, "पोरगी माझी हाय. किल्ली पंचायतीत कावून?"

आबा हसले, पण ते हसू सभेसाठी होतं. म्हणाले, "वैनी, तुमी तर बोलूच नका. मोबाइलचं ऱ्हाऊ द्या, तुमच्या गोठ्यात भर दिवसा काय चालतंय ते पोरं रस्त्यावरनं बघतेत. मुकाट सही करा, न्हाई तर पुढच्या सभेत गोठा बंद करायचा ठराव आणतो."

तुळजाबाईंचं घर त्या गोठ्यावर चालतं आणि रोहिणीचं अंबाजोगाईही. सही केली असती तर विषय तिथंच मिटला असता. बाई पदर खोचून उभ्या राहिल्या.

"आबा, माझ्या पोरीच्या मोबाइलवर आलता तसला व्हिडिओ. वर्गातल्या पोरानं टाकलता. तिनंच येऊन मला सांगितलं. कावून सांगितलं? आमच्या घरात इचारलं तर मार बसत न्हाई म्हणून. मी तिला म्हणलं, म्हशीच्या मनात नसलं तर आपण हल्या बांधून ठेवतो. त्या बाईच्या मनात होतं का न्हाई, तुला कळलं का? ती म्हणली, न्हाई कळलं. मी म्हणलं, मग तसलं बघून काय शिकायचं न्हाई. आन् तुझ्या मनात नसताना कुणी हात धरला तर लाथ झाडायची, मंग तो कुणाचा का लेक असंना." आणि आबांकडे वळून म्हणाल्या, "ह्यातलं कोणचं वाक्य तुमचं कुलूप बोलणार हाय?"

मग त्यांनी विचारलं, इथं बसलेल्यांपैकी किती बापांनी लेकाशी ह्यातलं अर्धं तरी बोलून पाहिलंय. आता आमच्याकडे बाप लेकाशी आईमार्फत बोलतो. दोघं शेजारी शेजारी ताटावर बसलेले असले तरी, त्याला सांग भाकरी घे, असा निरोप चुलीवरून फिरून येतो. तेव्हा बापांनी आपापल्या बायकांकडे पाहिलं.

"गोठा बंद करा की," तुळजाबाई म्हणाल्या. "कासरा आत्ता सोडते. कोण नेतंय हल्याला आपल्या दारात?"

सभेत बहुतेकांच्या दारी म्हैस होती. हल्या मात्र कुणालाच दारात नको होता. गोठ्याचा विषय तिथंच राहिला. कुलपाचा ठराव मंजूर झाला, आणि विरोध माझ्या नावानिशी लिवा, असं सांगून तो लिहून होईपर्यंत बाई हलल्या नाहीत.

आबांनी गोठ्याचा ठराव आणला नाही, पण तुळजाबाईंकडे म्हैस न्यायची नाही असा निरोप गावभर फिरवला. गावचे मालक म्हशी टेम्पोत घालून धर्मापुरीच्या हल्याकडे न्यायला लागले. गोठा ओस पडला. तुळजाबाईंनी दोन शेळ्या विकून रोहिणीची फी भरली. सही दिली नाही.

मग एका सकाळी गावातलीच कडूबाई म्हैस घेऊन आली. तिच्या मुलाच्या, पप्पूच्या मोबाइलवर पहिल्याच दिवशी कुलूप बसलं होतं. तुळजाबाईंनी म्हशीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाल्या, ही काय माजावर न्हाई.

"म्हाईत हाय, आक्का," कडूबाई म्हणाली, आणि म्हशीआड तोंड लपवून तिने सांगितलं, की कुलूप आहे, पण किल्लीवाला पोरगा पप्पूचा जिगरी दोस्त आहे. "तुमीच दोन शब्द बोला त्याच्याशी. तुमाला जमतंय."

"मी न्हाई बोलायची," तुळजाबाई म्हणाल्या. "मी बोलले तर मीच तुझी पंचायत झाले की. पोरगं तुझं हाय, त्वांड बी तुझंच पायजे."

कडूबाईने विचारलं, पण सुरुवात कुठनं करू? बाईंनी म्हशीकडे बोट केलं.

आठवड्याने कडूबाई तीच म्हैस घेऊन परत आली. म्हैस अजूनही माजावर नव्हती. बोललीस का, म्हणून तुळजाबाईंनी विचारलं.

"बोलले. तो भिताडाकडं बघत हुता, मी ह्या म्हशीकडं. लई घाम फुटला. संपल्यावर म्हणतो, बाबाला सांगणार का?"

"मंग?"

"म्हणलं, बाबाला बी बसवणार हाय समोर. त्याला तरी कुणी कधी सांगितलंय?"

आता गोठ्यात पुन्हा म्हशी येतात. मालक धर्मापुरीसाठी टेम्पो बघत असतात, तोवर घरातली बाई दावं धरून निघालेली असते. आणलेली प्रत्येक म्हैस माजावर असतेच असं नाही. तुळजाबाई तपासतात, चहा टाकतात, आणि बोलायचं ज्याचं त्याला बोलायला लावून घरी पाठवतात. सहीसाठी पंचायतीचं बोलावणं अजून येतं. हल्याला एकटं सोडून येता येत न्हाई, असा त्यांचा निरोप उलट जातो.