विलासदाचे पांढरे केलेले डोळे

विलासदा गेल्याचं वैनीनं फोनवर सांगितलं, तेव्हा मी एका नटीच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं पुसत होते. कामच ते माझं. फॅशन फोटोग्राफर विलासदानं फोटो काढायचे आणि मी कॉम्प्युटरवर चेहरे निस्तरायचे, असं सोळा वर्षं चाललं. फोन ठेवला आणि... खोटं कशाला सांगू, आधी फाइल सेव्ह केली.

घणसोली गावातला हा माणूस. हळदी-साखरपुड्यांचे फोटो काढत काढत मासिकांच्या मुखपृष्ठांपर्यंत पोचला, पण स्टुडिओ रबाळ्याच्या एमआयडीसीतल्या गाळ्यातच ठेवला. शेजारी पत्रे दाबायचा कारखाना. मशीनचा दणका बसला की जमीन थरथरायची, कॅमेरा हलायचा. म्हणून दोन दणक्यांच्या मधे क्लिक. मोठमोठ्या हिरॉइनी श्वास रोखून उभ्या असायच्या. एकीनं वैतागून विचारलं, "अंधेरीत का नाही घेत जागा?" हा म्हणाला, "मॅडम, तिथं तुमी पोज द्याल. इथं दणक्याच्या नादात पोज इसरता." हसता हसता तिचा फोटो काढूनही झाला होता.

गेल्या दिवाळीआधी कुठल्याशा कार्यक्रमासाठी त्याचाच फोटो हवा होता. टायमर लावून स्वतः काढला, माझ्याकडे पाठवला. एरवी कायम रंगीत काचांचा चष्मा, फोटोपुरता तेवढा काढलेला. डोळे पिवळट होते. मला दिसले, नीट दिसले. वाटलं, दिव्याचा पिवळा उजेड पडला असेल. मागची भिंत पांढरीशुभ्र होती, तरी वाटलं! अक्कल गहाण टाकली होती मी. सगळ्यांचे करते तसे दोन मिनिटांत डोळे पांढरे केले नि पाठवून दिला. लगेच त्याचा फोन.

"काय गो बाय, पंचविशीतला केलास मला. हल्ली लय दमायला होतं, पन फोटोत तर फस्क्लास हाय मी."

"दमणारच. जेवतोस कुठे वेळेवर?" मी म्हटलं.

डॉक्टरकडे तो दीड महिन्यानं गेला. तोवर लिव्हरचं दुखणं हाताबाहेर गेलं होतं. थोडं आधी आले असते तर... असं डॉक्टर म्हणाले. वैनीनं मला ते सांगितलं.

बाराव्याला गेले, तर हार त्याच फोटोला. वैनी म्हणाली, "तूच केलास ना गो? डोले किती चांगले आलेन." मी हो म्हटलं आणि चहा घेतला.

वैनी, मूळ फोटो माझ्याकडे आहे. तुझ्यासमोर बसून दाखवायची हिंमत झाली नाही, म्हणून इथे लिहिलं. हे वाचून तू घरी येऊ नकोस म्हणालीस, तर नाही येणार.