मुहूर्त पाहून धावणं

माणसाने रोज व्यायाम करावा, असं कुणी मला शिकवायला आलं की माझं डोकं फिरतं. करावा ना, पण कुणाच्या मर्जीने, ते आधी सांगा.

शाळेत असताना मला धावण्याचं वेड होतं. शिरोड्याला आमचं घर, मागे माड आणि पुढे समुद्रापर्यंत नुसती पुळण. उजाडायच्या आधी, कुणी न उठवता मी उठायचे, परकर खोचायचे आणि ओल्या रेतीवरून सुसाट सुटायचे. त्यात मिळायचं काय? काही नाही. बरं वाटायचं. शाळेने सावंतवाडीच्या शर्यतीसाठी माझी निवड केली आणि घरात कळलं. बाबांनी एका वाक्यात निकाल लावला: रापणीचं जाळं ओढणारे पुरुष बघतात, पोरीच्या जातीला हे शोभत नाही. शर्यत गेली, पुळणही गेली.

मॅट्रिक होईपर्यंत घरात बसून मी अंगाने भरले. मग मुंबईत नोकरीला असलेल्या मुलाचं स्थळ आलं. मला चालून दाखवायला लावलं. मी चालले. मुलाची आई चहा संपवून म्हणाली, मुलगी चांगली आहे, पण जाड आहे. शिमग्यापर्यंत जरा उतरली तर बघू.

झालं! ज्या घराची अब्रू माझ्या धावण्याने जात होती, त्याच घरात आता माझ्या धावण्यावरून खलबतं सुरू झाली. बाबांनी पंचांग काढून मुहूर्त पाहिला. व्यायामाला मुहूर्त, ऐकलंय कधी? आईने माझ्या ताटातला भात निम्मा केला, कालवणातलं खोबरं बंद केलं. बाबा स्वतः कंदील घेऊन माझ्या मागून यायचे आणि रापणीवरच्यांना आपणहून सांगायचे, लग्नासाठी पोरीला बारीक करायची आहे. तेही समजूतदारपणे माना डोलवायचे. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. पाय तेच, पुळण तीच, मेले बघणारेसुद्धा तेच!

आणि आता पहाटे माझ्याने उठवतच नसे. हाका मारून मारून आईचा घसा सुकायचा. सगळ्यांनी मला आळशी ठरवलं. अहो, आळशी कसली? परक्या बाईच्या पसंतीसाठी पाय उचलत नव्हते, एवढंच.

तरी उतरले. त्यांनी होकार कळवला, साखरपुडा ठरला. दुसऱ्या दिवशी पहाटे मला आपोआप जाग आली. कितीतरी दिवसांनी धावावंसं वाटत होतं. पदर खोचला आणि दाराची कडी काढली. आवाजाने बाबा उठून आले.

"आता खंय चल्लंस गो? लगीन जमला मां?"

"धावूक."

"आता कोणासाठी?"

"माज्यासाठी."

ओरडले असते तर मी कडाकडा भांडले असते. पण ते हसले. मी थट्टा केली असं वाटून अगदी मायेने हसले, कडी पुन्हा लावली आणि म्हणाले, "जा, नीज वायच."