चवथीचा चंद्र आणि शेजारच्या काकू

पन्नाशी उलटेपर्यंत आकाशाशी माझा संबंध एवढाच होता, की वाळत घातलेले कपडे आत घ्यायचे की नाही हे त्याच्याकडे बघून ठरवायचं. मग एकदा रोह्याच्या कंपनीत सेकंड शिफ्टला चहा प्यायला बाहेर आलो, तर चिमणीच्या बाजूला एक ठसठशीत चांदणी. बॉयलरवरच्या जोडीदाराला विचारलं.

"विमान हाय," तो म्हणाला.

चहा संपला तरी विमान जाग्यावरच. मोबाइलवर ताऱ्यांचं अ‍ॅप उघडून वर धरलं, तर तो निघाला गुरू. ज्याच्या वाराला मी वीस वर्षं मटण सोडलं होतं, तो रोज डोक्यावर यायचा आणि आमची साधी तोंडओळखही नव्हती.

मी ऑनलाइन दुर्बीण मागवली. ती आली जूनमध्ये, म्हणजे आमच्याकडे वर बघण्यासारखं काही उरत नाही तेव्हा. बायको खोक्याकडे बघून म्हणाली, "त्यापेक्षा चांगली छत्री आणायची होतीत."

सोबतच्या पुस्तिकेत लिहिलं होतं की आधी दिवसा एखाद्या लांबच्या वस्तूवर नेम धरून दुर्बिणीची छोटी नळी मोठीशी जुळवून घ्या. श्रावणात एका दुपारी पाऊस थांबला. लांबची, न हलणारी वस्तू म्हणजे दोन घरं सोडून राहणाऱ्या काकूंच्या गच्चीवरची पाण्याची टाकी. दुर्बिणीत सगळं उलटं दिसतं हे मला माहीत नव्हतं. टाकी उलटी, टाकीवरचा कावळा उलटा, आणि खाली कुंड्यांतलं गवत उपटणाऱ्या काकूही उलट्या. मी मोठ्यानं हसलो. काकूंनी वर बघितलं. आमची नजरानजर इतक्या जवळून आधी कधीच झाली नव्हती.

गणपती आणायला पेणला सासुरवाडीला गेलो. तिथे मेहुण्याचा मूर्तींचा कारखाना आहे. तो एका मूर्तीचे डोळे रेखत होता. मान वर न करता म्हणाला, "दाजी, दुर्बिणीतून देव शोधताय म्हणं? इथं शेडभर हायत की. कुठला देऊ?"

चतुर्थीला संध्याकाळची आरती झाली आणि पश्चिमेचे ढग फाटले. चंद्राची कोर! मी दुर्बीण उचलून गच्चीवर पळालो. जिन्यातून बायको ओरडली, "अहो, आज नाय बघायचा! आळ येतो!"

"अडीच महिने ढग बघतोय मी," मी म्हणालो. "येऊ दे आळ."

आणि बघितला. कोरीची आतली कड करवतीसारखी होती. काळोखाच्या बाजूला एक उजेडाचा ठिपका सुटा पडला होता, कुठल्या तरी डोंगराच्या टोकावर तिथलं ऊन लागलेलं. नळीला हात लागला की चंद्र हलायचा, म्हणून मी हात पाठीमागे बांधले. ढग परत येईपर्यंत मी डोळा काढला नाही.

दुसऱ्या दिवशी काकू दर्शनाला आल्या. दोन मोदक खाल्ले, तिसरा पदरात बांधला आणि गणपतीच्या साक्षीनं माझ्या बायकोला म्हणाल्या, "तुमचे मालक आमच्या गच्चीवर नळी लावून बसतात गो. आमची सून तिथं कपडे वाळत घालते. बरं दिसत नाय."

बायकोनं माझ्याकडे असं बघितलं की मला चंद्राचं खरं सामर्थ्य कळलं. दुपारपर्यंत गल्लीत बातमी पसरली. बाप्ये मला बघून मुठीची नळी करून डोळ्याला लावायचे. पडदे ओढले जायचे. मी टाकीचं समजावून सांगायला गेलो, तर ते त्याहून वाईट वाटलं.

गौरी गेल्या त्या संध्याकाळी बायकोनंच मार्ग काढला. काकूंना हाताला धरून गच्चीवर आणलं. "बघा तुम्हीच, तुमची सून दिसते का."

काकू वाकल्या. "सगळा काळोख हाय."

"काकू, तो डोळा मिटा, हा उघडा," मी म्हणालो.

त्यांनी डोळा बदलला. अर्ध्याहून मोठा झालेला चंद्र होता, खड्ड्याखड्ड्यांचा.

"अगो," काकू हळूच म्हणाल्या, "ह्याला देवी आल्यात!" त्यांचा हात आपल्या गालाकडे गेला. खाडीकाठच्या गावात, लहानपणी देवी येऊन गेल्या त्याचे वण आहेत त्यांच्या गालावर. इतकी वर्षं शेजारी राहून मी ते कधी धड बघितले नव्हते. "माझ्यासारकाच हाय की रे हा. आणि माझ्या लग्नात कोण मेलं मला चंद्रासारकी म्हणालं नाय."

बायको हसली, मग काकूही हसल्या, आणि दुर्बिणीला धक्का लागून चंद्र निसटला. तो परत शोधून दे म्हणून काकू माझ्यावरच खेकसल्या.

माफी वगैरे काही मागितली नाही त्यांनी. फक्त दुसऱ्या दिवशी त्या सुनेला घेऊन आल्या आणि गल्लीभर सांगितलं की त्याची नळी चांगली आहे, माणूस जरा बावळट आहे.

दसऱ्यानंतर आकाश उघडलं, तेव्हा मी त्यांना शनी दाखवला. त्याची कडी यंदा धारेवरून दिसत होती, म्हणून तो एका बारीक मण्यातून सुई आरपार गेल्यासारखा दिसत होता.

"ह्याला भिऊन मी दर शनवारी तेल वाहते?" काकू म्हणाल्या. "एवढूशाला?"

शनिवारी मी फर्स्ट शिफ्टहून घरी येत होतो, तर काकू तेलाची वाटी घेऊन देवळाकडे निघालेल्या.

"काय काकू?" मी म्हटलं.

"गप रे," त्या म्हणाल्या. "लांबून बारीक दिसतो तो."