अप्पांची कोप

समोरच्या फ्लॅटातल्या विश्वनाथअप्पांच्या घरी सरळ मांडलेली खुर्ची मी कधी पाहिली नाही. एक पालथी, दोन पाठीला पाठ लावलेल्या, वर सोलापुरी चादरी, बाजूंना वाकळा, आणि आत बिल्डिंगमधली सगळी कार्टी. माझ्या ओवीला शोधत पहिल्यांदा गेले, तर आतून खिदळणं ऐकू येतंय आणि बाहेर हे सत्तरी उलटलेले गृहस्थ धोतर सावरत, काठी घेऊन पहाऱ्याला! "मोठ्या माणसाला आत सोडत न्हाई बगा," मलाच म्हणाले. मी म्हटलं, बरं बाई, भलताच किल्ला तुमचा!

"किल्ला न्हाई वो, कोप हाय," अप्पांनी ठणकावलं.

लातूरकडच्या माणसाला कोप म्हणजे काय ते सांगावं लागत नाही, बाहेरच्यांसाठी सांगते. ऐन थंडीत वेळ अमावस्येला आम्ही सगळे शेतावर जातो. कडब्याच्या पेंढ्यांची छोटी खोपी करून तिला शाल पांघरायची, आत पाच दगड मांडून पूजायचे आणि आल्यागेल्याला बोलावून ताकातली आंबील आणि ओल्या दाण्यांची, पालेभाज्यांची भज्जी खायची. त्या दिवशी शहरात चिटपाखरू नसतं. अप्पांचं देवणीकडचं शेत विकलं गेलं होतं, काकू वारल्या होत्या, मुलगा पुण्यात. मग रोज संध्याकाळी ही चादरींची कोप.

उभा जन्म कापडदुकानात गेलेला. पोरांनी चादर खेचली की म्हणायचे, "वढू नगं रे, त्याला बसू दे. कापड माणसावानीच अस्तंय." आणि दुसरं म्हणजे, "आत भांडण न्हाई. भांडायचं तर भायेर या, माझ्यासंगं भांडा." स्वतः मात्र आत शिरायचे नाहीत. पोरं बोलवायची, तर म्हणायचे, "म्या आत आलो तर राखायचं कुणी?" अंधार पडला की एकेकाची आई हाक मारायची आणि कोप रिकामी व्हायची. अप्पा ती मोडायचे नाहीत. खुर्च्या अडकलेल्या, म्हणून तिच्या शेजारीच जमिनीवर बसून जेवायचे.

गेल्या वेळ अमावस्येला सगळ्यांनी त्यांना आपापल्या शेतावर बोलावलं. माझ्या नवऱ्यानं तर हात धरून आग्रह केला. "दुसऱ्याच्या रानात पाव्हणा म्हणून जाऊ? या दिशी? न्हाई जमायचं." पोरांना मात्र हळूच सांगून ठेवलं होतं, हॉलमधी लई मोठी कोप करतो, समदे या. आता बघा, त्या दिवशी शहरात एक पोर राहत नाही, हे या माणसाला ठाऊक नसेल? असणारच. आशा वेडी असते, दुसरं काय!

सकाळी ओवीनं जिन्यातच भोकाड पसरलं. "अप्पांच्या कोपीत कोण बसणार?" तिच्या बाबांनी तिला उचलून गाडीत घातलं. बाकीची पोरंही अशीच गेली.

दिवस मावळता परतलो. अप्पांचं दार सताड उघडं. हॉलभर कोप, वर काकूंची शाल, आत पाच दगड आणि वाढून ठेवलेली ताटं. एकाही ताटाला हात लागलेला नव्हता. अप्पा पहिल्यांदाच आत बसले होते, अवघडून, पाय लांब करून.

ओवी शेतावर गच्च जेवली होती. तरी आत शिरली, मांडी घालून बसली आणि भज्जी खाऊ लागली.

"गार झालीय, अप्पा."

"हाव माय. लई येळ झाला न्हवं."

एवढं बोलले आणि उपरणं तोंडाला लावून रडले. मीही वाकून आत गेले आणि एक ताट पुढे ओढलं.

उन्हाळ्यात अप्पा झोपेतच गेले. मुलगा फ्लॅट आवरायला आला तेव्हा आमच्याकडे चहाला बसला. माणूस वाईट नाही. कप खाली ठेवत म्हणाला, "वहिनी, फोनवर विचारलं की म्हणायचे, झकास चाललंय. करमायचं ना हो त्यांना इथं?"

अशा वेळी लोक हो म्हणतात. माझ्याही अगदी ओठांवर आलं होतं.

"नाही," मी म्हटलं. "अजिबात करमायचं नाही."