आक्काचा खारवट तुकडा

वडिलांच्या जमिनीची वाटणी झाली, तेव्हा ओढ्याकाठचा खारवट तुकडा आक्काच्या पदरात पडला. उन्हाळ्यात त्यावर मीठ शिंपडल्यासारखा पांढरा थर यायचा, आणि काहीही पेरा, वीतभर वाढून पिवळं पडायचं. आक्काचा जन्म बाजारपेठेतल्या शिवणाच्या दुकानात गेलेला. ती त्या खारवट तुकड्यात कांदा लावणार म्हणाली तेव्हा धाकट्या भावाला हसू आवरेना. त्याआधी माती तपासून घेणार म्हटल्यावर तर त्यानं कपाळावर हातच मारला.

"आक्का, मातीचं माप घेऊन झबलं शिवणार आहेस का?"

आक्कानं बांधाजवळची माती खताच्या रिकाम्या पिशवीत भरली आणि तडक माती परीक्षण केंद्र गाठलं. तिथल्या बाईंनी पिशवी बघूनच परत केली.

"मावशी, या पिशवीतलं खत मातीत मिसळलं. आता आम्ही काय सांगणार?"

आक्काचा चेहरा उतरला. पण ती हलली नाही. स्टूल ओढून बसली आणि सगळं नीट विचारून घेतलं. दुसऱ्या दिवशी बांध, झाडाची सावली, शेणाचा ढीग सोडून ती रानात नागमोडी फिरली. ठिकठिकाणी वीतभर खड्डा करून कडेची माती खरवडली, एकत्र कालवली, सावलीत वाळवली आणि कोऱ्या कापडी पिशवीत नेली.

बाईंनी निकाल सांगितला. "पाणी तुंबतं, क्षार वर येतात. नुसती खतं ओतून उपयोग नाही. आधी चर खोदा, क्षार सुटायला जिप्सम घाला. मग ताग पेरा आणि फुलावर आला की जमिनीत गाडा, त्याचंच खत होईल."

"आणि कांदा?"

"यंदा नाही."

ते शब्द आक्काच्या जिव्हारी लागले. पण दुसऱ्याच दिवशी ती चर खोदायला उतरली. भावजय नवऱ्याचं न ऐकता कुदळ घेऊन सोबत आली. जिप्सम घातलं, ताग पेरला. पावसाचं पाणी चरांतून वाहून गेलं, आणि त्या रानात पहिल्यांदाच कंबरेएवढं हिरवंगार काहीतरी उभं राहिलं. आक्कानं त्यावर ट्रॅक्टर घातला तेव्हा भाऊ धावत आला.

"उभं पीक गाडतेस? डोकं ठिकाणावर आहे का?"

आक्कानं ट्रॅक्टरवाल्याला हात केला, "होऊ दे!"

पुढच्या वर्षी तिनं पुन्हा माती नेली. बाई हसल्या. "मावशी, आता खुशाल लावा."

कांदा असा आला की बघणाऱ्यानं बघतच राहावं! लालबुंद, मुठीत न मावणारा. भाऊ बांधावर उभा राहिला, घसा खाकरला आणि म्हणाला, "आक्का, माझ्या वरच्या रानातली माती कधी काढायची?"

"उद्या. खुरपं तुझं तू आण."

घरात जागा पुरेना, म्हणून कांदा दुकानात आला. शिलाई मशीनखालीसुद्धा पसरला. कपड्यांना वास येतो म्हणून गिऱ्हाईकं कुरकुरू लागली.

"येणारच," आक्का ताठ मानेनं म्हणाली, "माझ्या रानातला आहे!"