मोज्यातला टुंबा

अंधेरीपासून बोरिवलीपर्यंतच्या समस्त शिक्षिकांच्या वाट्याचं मुलांचं प्रेम आमच्या शाळेतल्या तिसरी 'ब'च्या बाईने एकटीने लाटलंय, असं माझं ठाम मत आहे. मी तिसरी 'अ'ची. मध्ये एक भिंत. पलीकडे दिवसभर हसण्याचा गदारोळ आणि इकडे मी "शांत बसा" म्हणून घसा फोडतेय! डी.एड.ला एका बाकावर होतो म्हणून गप्प बसते, नाहीतर चांगलं सुनावलं असतं.

तिला शब्द सुटे करायचं वेड आहे. कांदिवलीला रिक्षात बसली की ड्रायव्हरला विचारणार, "दूधवाला आहे, भाजीवाला आहे, मग पगारवाला का नाही हो?" तो बिचारा मीटर टाकायचा विसरतो. एकदा पोळीभाजी केंद्राच्या पाटीसमोर उभी राहिली. "घरगुती. यातलं घर कळलं गं, हे गुती कुठून आलं?" मागे गिऱ्हाइकांची रांग, आणि माझ्या पोटात कावळे.

शब्दांचे तुकडे मुलांना ओळखता येतात का, ते आम्हाला दरवर्षी तपासावं लागतं. मी रीतसर कार्डं दाखवते. दुकान, दुकानदार, सांग फरक. ही बया जुन्या मोज्याला बटणांचे डोळे लावून तो हातात घालते.

"हा टुंबा. अजून एक आला?"

"दोन टुंबे!"

"टुंबे विकतो तो?"

"टुंबेवाला!"

"ज्याच्याकडे नाहीच तो?"

"बिनटुंब्याचा!"

टुंबा जगात कुठेच नाही, त्यामुळे पाठांतराची सोयच नाही. उत्तर आलं म्हणजे पोराला खरंच कळलंय. हे मला का सुचलं नाही, म्हणून मी अख्खा रविवार जळत होते.

माझ्या वर्गातली दिव्या वर्षभर शाळेत एक शब्द बोलली नव्हती. तपासणीतही गप्प राहिली तर दुसरीच्या मुलांत बसवू, असं मोठ्या बाईंनी बजावलं होतं. तिच्या आईने माझे हात धरले. मी कार्डं दाखवली, चॉकलेट दाखवलं, शेवटी हात जोडले. पोरगी ढिम्म! नाइलाजाने 'ब'मध्ये नेली. टुंबा तिच्या कानाशी काहीतरी कुजबुजला आणि ती खुदकन हसून म्हणाली, "टुंबेवाल्याकडे नको, टुंब्यांना घरी जायचंय." अख्खं वाक्य! माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याच डोळ्यांनी मी त्या मोज्याकडे खाऊ की गिळू बघत होते. माझ्याशी का नाही बोलली मेली?

दुसऱ्या दिवशी मीही घरून मोजा नेला. मुलं समजुतीने म्हणाली, "बाई, राहू दे ना. ते त्यांनाच जमतं." वाट लागली माझी! वर ही मोठ्या बाईंना सांगते, "मी काय केलं? वर्षभर हिच्या वर्गात ऐकलं, तेच बोलली पोरगी." असल्या बाईवर धड जळायचीही सोय नाही.

जूनमध्ये तिची मरोळला बदली झाली. सुटले, म्हटलं. माझा वर्ग चौथीतही माझ्याकडेच राहिला. दिव्याचं तोंड आता घंटा होईपर्यंत बंद होत नाही. परवा वही दाखवायला आली आणि हळूच म्हणाली, "बाई, तुम्हाला पण त्यांची आठवण येते ना?"

हिला बोलायला शिकवलं कोणी, असं पुटपुटत मी फळा पुसायला वळले. फळा कोराच होता.