सीटवर बसायचा हक्क

"उतर. खाली उतर आधी."

माझा एक पाय जीपमध्ये होता, एक बाहेर. हात स्टेअरिंगवर. मागं सायलेन्सरमध्ये मी नुकतीच मशीनची नळी खोचून आल्तो. आता सीटवर बसायचं, गाडी न्यूट्रलला हाय का बघायचं आन ॲक्सिलेटर एका दमात तळापर्यंत दाबायचा, एवढंच राह्यलं होतं. डिझेल गाडीचा धूर असाच तपासतात. तळापर्यंत दाबल्याबिगर गाडी खरं बोलत न्हाई.

"ऐकू येत न्हाई का रे? खाली काही टाकल्याबिगर खुशाल बसाय लागला!"

गाडी आष्टीकडच्या एका बागायतदाराची. सगळे त्यांना दादासाहेब म्हणायचे. कडक इस्त्रीचे पांढरे कपडे, गाडीच्या सीटला बी पांढरीच कव्हरं. आल्या आल्या त्यांनी माझी चौकशी केल्ती. गाव कोणतं? म्हणलं, टेंभुर्णी. टेंभुर्णीत कोणाचा? मी बापाचं नाव सांगितलं. त्यानं काही उलगडा झाला न्हाई, म्हणून विचारलं, "घर कोणत्या अंगाला?" मी म्हणलो, "भीमनगर." त्यांनी नुसती मान हलवली. मला वाटलं, चौकशी संपली. आपली चौकशी कधी संपती का?

तेव्हा मी जालन्याच्या बाहेर एका पेट्रोल पंपावर कामाला होतो. पीयूसीची सक्ती नवी नवी होती. पंपाच्या कडंला पत्र्याची खोली, त्यात धूर मोजायची मशीन आन मी. आयटीआय केलेला, मोटार मेकॅनिक. आमच्या घरात महिन्याच्या महिन्याला पगार आणणारा मी पहिला. आई शेजारपाजारी सांगायची, "माझं लेकरू गाड्या पास करतंय." तिला वाटायचं मी आरटीओच झालो.

कामाला लागलो त्या दिवशीच मालकानं माझ्या हातात एक धुतलेली गोणी दिल्ती. म्हणाले, "गिऱ्हाइकाच्या गाडीत बसायच्या आधी ही सीटवर टाकत जा. आपलं काम काळं, त्यांचं सीट खराब व्हायला नको." मला ते बराबर वाटलं. नुसतं बराबर न्हाई, भारी वाटलं. काय शिस्तीचा पंप हाय! दर रविवारी मी ती गोणी साबण लावून धुवायचो, उन्हात वाळवायचो, घडी घालून ठेवायचो. कोणी नवीन गिऱ्हाईक "वा, लई काळजी घेता गाडीची" म्हणलं की माझी छाती फुगायची. आज आठवलं की अंगाची लाही होती. माझाच अपमान, आन मीच तो दर रविवारी धुऊन वाळवू राह्यलो होतो.

त्या दिवशी गोणी ओली होती. मागच्या भिंतीवर टाकलेली. कपडे बी माझे स्वच्छ होते, हात पुसलेले. म्हणलं, एक दिवस न्हाई टाकली तर काय बिघडतंय.

ओरडा ऐकून मालक केबिनमधून पळत आले. काय झालं म्हणून त्यांनी विचारलं बी न्हाई. त्यांना आधीच माहीत होतं काय झालं असंल ते.

"अरे, तुझी गोणी कुठंय?"

तुझी.

पंपाची न्हाई. टेस्टवाल्याची न्हाई. तुझी.

मी पाय खाली घेतला. मालकानं इकडं तिकडं बघितलं आन हाळी दिली, "सुदाम, ये रे. तू बस, तू दाब."

सुदाम पंपावर पंक्चर काढायचा. पंपाशेजारच्या गावातल्या वरच्या आळीचा, चांगल्या घरचा. पोरगा वाईट न्हव्हता. दुपारी आम्ही संगट जेवायचो, माझ्या आईचा ठेचा त्याच्याबिगर संपायचा न्हाई. तो नुकताच ट्रकच्या चाकापासून उठून आल्ता. कोपरापर्यंत काळा. पँटीला ग्रीसचे थर. तो तसाच चढला आन त्या पांढऱ्याफेक कव्हरवर बसला. दाराला धरताना पाची बोटं उमटली.

सुदाम ओशाळला. "दादासाहेब, डाग पडला ओ."

"असू दे रे. आपलंच लेकरू हाय."

मी मागं नळी धरून उभा. तोंडाशी सायलेन्सर. म्हणजे माणसाला ग्रीस चालतं. पंक्चरचं सोल्युशन चालतं. मी चालत न्हाई. आन हे काही मी त्याच दिवशी पहिल्यांदा बघत न्हव्हतो. सुदाम रोज कोणाची ना कोणाची गाडी पुढं-मागं घ्यायचा, तसाच काळाकुट्ट बसायचा, कधी काही अंथरायचा न्हाई. माझ्या डोळ्यांपुढंच चालायचं सगळं. बघत होतो, पण दिसत न्हव्हतं. गोणी मीच धुवत होतो ना, दिसंल कसं?

सुदामनं भीत भीत अर्धाच ॲक्सिलेटर दाबला. इंजिन नुसतं कण्हलं. मशीनवर आकडा आला तो एकदम शहाण्यासारखा, खाली.

"झालं, पास," मालक म्हणाले. "सही कर आन दे त्यांना जल्दी."

"दाबलं सुदामनं," मी म्हणलो. "सही बी सुदामनंच करावी."

"काय?"

"मी बसल्याबिगर टेस्ट होत न्हाई, मालक. बसू द्या, न्हाईतर गाडी घेऊन जाऊ द्या."

आवाज फाटला. पण बोललो. नळी ओढून काढली आन खिळ्याला अडकवली. दादासाहेब माझ्याकडं बघत बी न्हव्हते. मालकाला म्हणाले, "लई माजलेत हे. तुम्ही डोक्यावर बसवून ठेवलेत." आन गाडी घेऊन गेले. अर्धा पंप काळ्या धुरात बुडाला.

मालकानं मला केबिनमध्ये बोलावलं. रागावले न्हाईत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी चहा मागवला.

"हे बघ, मी मानतो का असलं काही? तुझ्या हातचं पाणी पितो मी. पण धंदा हाय. गिऱ्हाइकाचा कल बघावा लागतो." जरा थांबून म्हणाले, "गोणीचं तुला वाईट वाटलं असंल. राह्यलं. नवा टॉवेल आणतो. पांढरा, चांगला. तो टाकत जा, मंग तर झालं?"

"सुदाम बसला तरी टाकायचा?"

मालकानं चहाचा कप उचलला. परत ठेवला.

"वाद घालू नको. उद्या टॉवेल टाकणार असशील तर ये. न्हाईतर येऊ नको."

बाहेर सुदाम हात पुसत उभा होता. "म्या काय करू? मालकानं सांगितलं, बसलो." मी म्हणलो, "बसला त्याचं काही न्हाई. 'मला बी गोणी द्या' असं एकदा म्हणला असता, बस." त्या दुपारी मी डबा त्याच्यापुढं सरकवला न्हाई.

घरी सांगितलं तर आईनं डोक्याला हात लावला. "अरं, टॉवेल तर टॉवेल! तुझ्या बापानं जन्मभर पाटलाची बैलगाडी हाकली, पण तिच्यात बूड टेकलं न्हाई. बैलाच्या बराबर चालत गेला. तुला गादीवर बसाय भेटतंय तर खाली काय हाय ते कशाला बघतो?"

"बाप चालला म्हणून मी टॉवेलवर बसू?"

"मंग उपाशी बस," ती म्हणाली आन रडू लागली. तिचं बी खोटं न्हव्हतं. घरात कमावणारा मी एकटाच होतो.

दुसऱ्या दिवशी पंपावर गेलो. टेबलावर टॉवेल घडी घालून ठेवलेला, कंपनीचा कागद अजून चिकटलेला. मी त्याला हात लावला न्हाई. पहिली गाडी शहरातल्या एका वकिलाची आली. दार उघडलं, सीटवर बसलो. तसाच. वकील मालकाकडं बघू लागले, मालक माझ्याकडं. मी चावी मागितली. वकिलांनी दिली न्हाई. दुपारच्या आत मालकानं हिशोब करून मला मोकळं केलं. सुदामनं तिकडून बघितलं, आला न्हाई.

लई दिवस काम भेटलं न्हाई. असल्या गोष्टी लवकर पसरतात. एका पंपावरचं दुसऱ्या पंपाला आधी कळतं. नंतर भेटलं एका ठिकाणी. तिथं बी पहिल्याच हप्त्यात एका गाडीवाल्यानं सीटवर पेपर अंथरला. मी विचारलं, "साहेब, हा सगळ्यांसाठी का माझ्यासाठी?" तो हसला, म्हणाला, "तसं काही न्हाई हो." तसं काही न्हाई म्हणणाऱ्यांचाच मला जास्त राग येतो. मी पेपर उचलून त्याच्या हातात दिला.

आता काम करायची माझी पद्धत ठरलेली हाय. नळी नंतर. आधी मी दार उघडतो आन सीटवर बसतो, पाठ टेकवून. गाडीवाल्याच्या तोंडाकडं बघतो. चालत असंल तर टेस्ट होईल, बराबर होईल, तळापर्यंत दाबून. चालत नसंल तर त्यानं आपला धूर आपल्या वाड्यात न्यावा. मी कोणाच्या बी गाडीच्या मागं नुसता उभा राहणार न्हाई. बिलकुल न्हाई.